आरटीईचा फॉर्म कसा भरायचा, शाळा कशी निवडायची आणि "सरकारचा पैसा खासगी शाळांना का" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं

डिसेंबर-जानेवारी आला की पालकांच्या प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, आरटीईचे फॉर्म कधी सुटणार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यातून खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळतो, त्याचा हा फॉर्म. आम्ही काही जण आमच्या भागात पालकांना हे फॉर्म भरायला मदत करतो आणि दरवर्षी बघतो की मुलाचा हक्क बसत असूनसुद्धा एका कागदाच्या तारखेपायी किंवा नकाशावरच्या एका चुकीच्या खुणेपायी नंबर हातातून जातो. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. फॉर्मबरोबर पैशाचंही लिहिणार आहे, कारण प्रवेश मिळाल्यानंतर जो त्रास होतो तो बहुतेक वेळा पैशावरूनच होतो, आणि तो पैसा कुठून येतो, कुणी कुणाला द्यायचा असतो हे पालकाला माहीत नसलं की शाळेच्या ऑफिसात मान खाली घालून उभं राहावं लागतं. मान खाली घालायचं काही कारण नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

कायदा थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम १२ (१) (सी) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने तिच्या पहिल्या प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. खासगी शाळा याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, १२ एप्रिल २०१२ ला कोर्टाने कलम कायम ठेवलं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट आहे, त्यामुळे तुमच्या घराशेजारची एखादी नामांकित कॉन्व्हेंट यादीत दिसली नाही तर पोर्टल बिघडलंय असं समजू नका.

आपण बसतो का, ते आधी बघा

दोन दरवाजे आहेत. एक दुर्बल घटक, म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत. यात जात कोणतीही चालते, ओपनवाल्यांनाही हाच दरवाजा आहे. दुसरा वंचित घटक, यात एससी, एसटी, भटके-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) येतात, आणि इथे उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेली मुलं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलं, अनाथ मुलं हीसुद्धा यातच. बऱ्याच पालकांना वाटतं की ओबीसी असलं तरी उत्पन्नाचा दाखला लागतोच आणि ते सेतूत खेटे घालत बसतात. नाही लागत.

१ लाखाची मर्यादा मला स्वतःला अजिबात पटत नाही. १ लाख म्हणजे महिन्याला सव्वाआठ हजार. शहरात रिक्षा चालवणारा, वॉचमनची ड्युटी करणारा, दुकानात कामाला असणारा माणूससुद्धा यात बसत नाही आणि मग लोक दाखल्यावर आकडा कमी लिहून आणतात. तसं करू नका, पुढे कुणी तक्रार केली तर मुलाचा प्रवेश जातो आणि पालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मर्यादा वाढवा ही मागणी उघडपणे करायला पाहिजे, ती खोट्या दाखल्याने सुटत नाही.

वयाचं गणित ३१ डिसेंबरला धरतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३, ज्युनिअर केजीसाठी ४, सिनिअर केजीसाठी ५ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. प्रत्येक शाळेचा प्रवेशाचा वर्ग वेगळा असतो, काहींचा नर्सरी, काहींचा पहिली. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीसाठी जी शाळा यादीत दिसते ती चार वर्षांच्या तिच्या भावासाठी दिसेलच असं नाही.

कागद

इथे सगळ्यात जास्त फॉर्म मरतात म्हणून नीट वाचा. कागद फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा असायला हवा. नंबर लागला की मग दाखला काढू, असं म्हणणाऱ्याचा दाखला नंतरच्या तारखेचा निघतो आणि पडताळणीत बाद होतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा नुसता चालत नाही, आणि फॉर्मच्या हंगामात सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रात एवढी गर्दी असते की आज अर्ज केला म्हणजे चार दिवसांत हातात पडेल अशी खात्री नसते. दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका. कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला चालेल ते त्या वर्षीच्या सूचनेत दिलेलं असतं, ते वाचूनच काढा.

जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा, आणि महाराष्ट्रातलाच. परराज्यातून आलेल्या कुटुंबांचा तिकडचा दाखला इथे चालत नाही, मग त्यांनी उत्पन्नाच्या दरवाजाने यावं. आई एकटी सांभाळत असेल, म्हणजे विधवा किंवा घटस्फोटित, तर आईच्या नावावरचे कागद चालतात, सोबत नवऱ्याचा मृत्यूदाखला किंवा कोर्टाचा आदेश जोडायचा. नवऱ्याने नुसतं सोडलंय, कोर्टात काही नाही, अशा बायांची फार अडचण होते. त्यांनी फॉर्म भरण्याआधीच पंचायत समितीत किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात जाऊन कोणता कागद चालेल ते विचारून घ्यावं आणि सांगणाऱ्याकडून शक्य झालं तर लेखी घ्यावं.

राहण्याच्या पुराव्याला रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, लाइटबिल, घरपट्टी, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट असं काहीही एक चालतं. भाड्याने राहणाऱ्यांसाठी मात्र भाडेकरार, आणि तो नोंदणीकृतच. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला करार चालत नाही. करार फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. पडताळणीच्या टेबलावर मी बघितलेला एक प्रसंग सांगतो. एक ताई सगळी फाइल प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आल्या होत्या, मुलाचा नंबर चांगल्या शाळेत लागलेला, करार नोंदणीकृत, मुदतही बरोबर. पण फॉर्म भरला त्यानंतर आठवड्याने करार नोंदवलेला, कारण घरमालकाला वेळ नव्हता. टेबलावरच्या मॅडमनी दोनदा तारीख बघितली, तिसऱ्यांदा बघितली आणि फाइल परत केली. त्या तरी काय करणार, नियमच तसा आहे. घरमालक टाळाटाळ करत असेल तर नोव्हेंबरातच मागे लागा, ऑनलाइन नोंदणी घरी येऊन करून देणारे एजंट असतात, त्याचा खर्च आपण उचलला तरी परवडतो.

जन्माचा पुरावा ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा दाखला. तो नसला तर अंगणवाडीच्या रजिस्टरचा उतारा किंवा दवाखान्यातल्या नोंदीचा उतारासुद्धा धरतात. नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, आधार आणि फॉर्म तिन्हीकडे एकसारखं ठेवा.

फॉर्म भरताना

फॉर्म शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर ऑनलाइनच असतो आणि फुकट असतो. कॅफेवाला टायपिंगचे पैसे घेईल ते वेगळं, पण "नंबर लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून चालायला लागा. सोडत राज्यपातळीवर एकदाच संगणकावर निघते, त्यात कुठला नगरसेवक, कुठला संस्थाचालक, कुठला साहेब काही करू शकत नाही.

एका मुलाचा एकच फॉर्म. बाप एका मोबाइलवरून भरतो, मामा दुसऱ्या मोबाइलवरून, की तेवढाच चान्स वाढेल. वाढत नाही, दोन्ही फॉर्म बाद होतात.

आता नकाशा, यावर वेळ घालवा. पत्ता टाकला की गुगल मॅपवर एक लाल फुगा येतो, तो ओढून आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो. सगळं अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं, तुम्ही लिहिलेल्या पत्त्यापासून नाही. १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना. फुगा चुकून शेजारच्या पेठेत किंवा हायवेच्या पलीकडे राहिला तर घरासमोरची शाळा यादीत दीड किलोमीटर दिसते आणि तुम्ही मागच्या रांगेत जाता. उलटं करणारेही असतात, शाळेच्या गेटवर फुगा ठेवतात म्हणजे नंबर नक्की. पडताळणीत पत्ता आणि फुगा जुळला नाही की प्रवेश रद्द होतो, आणि मधल्या काळात खरोखर त्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या मुलाची जागा अडकून पडलेली असते. असं करू नका. मॅप सॅटेलाइटवर टाका, आपल्या चाळीचं छप्पर, शेजारचं मंदिर, पाण्याची टाकी ओळखा आणि मग फुगा ठेवा. जागा मोजक्याच वेळा बदलता येते म्हणून लहान मुलाच्या हातात मोबाइल देऊन हे काम करू नका. वस्तीत नेट गंडत असेल तर लायब्ररीत किंवा ओळखीच्या कुणाच्या कॉम्प्युटरवर बसा.

जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. दहाच्या दहा भरा असं मी नाही म्हणणार. एकदा नंबर लागला आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत पुन्हा विचार होत नाही, म्हणून जिथे मुलाला खरंच पाठवणार तीच शाळा टाका. यासाठी फॉर्म भरण्याआधी शाळा पायी फिरून बघणं आलंच. पावणेतीन किलोमीटरवरच्या शाळेत सकाळी सातला कोण सोडणार, दुपारी साडेबाराला कोण आणणार, हे आधी ठरवा, कारण बसचा खर्च आपला आपणच करायचा असतो. शाळा सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहा आणि आरटीईतून आधी प्रवेश घेतलेल्या पालकांना विचारा, मुलांना वेगळ्या तुकडीत बसवतात का, गॅदरिंगमध्ये घेतात का, वह्या-पुस्तकांवरून कटकट आहे का. शाळेचं माहितीपत्रक वाचून जे कळत नाही ते गेटवरच्या दोन आयांशी बोलून कळतं. पाटी मोठी आहे म्हणून शाळा चांगली असं काही नसतं, शिक्षक टिकतात का ते विचारा. दरवर्षी नवीन बाई येत असेल तर ती शाळा मी तरी वरच्या नंबरला टाकणार नाही.

सोडत लागली की

मेसेजची वाट बघत बसू नका. एसएमएस येतो किंवा येत नाही, नंबर बदललेला असतो, इनबॉक्स भरलेला असतो. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा हवं तर. निवड यादीत नाव असेल तर पत्र प्रिंट करायचं, मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घ्यायचे आणि आधी पडताळणी समितीकडे जायचं, थेट शाळेत नाही. समितीचा शिक्का बसला की मग शाळेत. मुदत पाळा. प्रतीक्षा यादीत असाल तर धीर सोडू नका, दूरची शाळा लागलेले, मुदत चुकलेले, कागद बाद झालेले असे बरेच जण गळतात आणि वेटिंगवाल्यांना बोलावणं येतं.

शाळेने तुमची किंवा मुलाची मुलाखत घ्यायची नाही, चाचणी घ्यायची नाही, डोनेशन मागायचं नाही. हे कलम १३. डोनेशन घेतलं तर त्याच्या दहापटीपर्यंत दंड, आणि मुलाखत-चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत.

शाळेने पैसे मागितले तर

हा भाग लिहायला म्हणूनच बसलो होतो खरं तर.

शाळा कधी सरळ फी मागते, बऱ्याचदा नाव बदलून मागते, ॲक्टिव्हिटी फी, टर्म फी, डिजिटल क्लास, स्नेहसंमेलन. कायद्याचं कलम ३ स्पष्ट आहे, मुलाचं शिक्षण पूर्ण व्हायला अडथळा येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याच्याकडून घ्यायचा नाही. आणि कलम १७ सांगतं की मुलाचा मानसिक छळ करायचा नाही. "तुझ्या बाबांनी पैसे नाही भरले" असं वर्गात चारचौघांत बोलणं, परीक्षेला बाहेर उभं करणं, रिझल्ट अडवणं, हा छळच आहे.

शाळा काय म्हणते तेही ऐकून घ्या, कारण त्यातलं काही खरं असतं. सरकारने शाळेला प्रत्येक आरटीई मुलामागे पैसे द्यायचे असतात, याला फी प्रतिपूर्ती म्हणतात. किती, तर सरकारचा स्वतःच्या शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, दोन्हीत जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरतात, म्हणजे महिन्याला साधारण पावणेपंधराशे. कोरोनाच्या काळात तो ८ हजारांवर आणला होता. शाळेची फी ६० हजार असेल तर वरचे बेचाळीस हजार शाळेच्या खिशातून जातात, आणि १७,६७० सुद्धा वेळेवर येत नाहीत, वर्षानुवर्षं थकतात. छोट्या बजेट शाळा, ज्यांची फीच वर्षाला १५-२० हजार आहे, त्यांचं यात खरंच कंबरडं मोडतं. पंधरा हजार फी घेणारी शाळा आणि दीड लाख घेणारी शाळा, दोघींना एकाच मापाने मोजून चालणार नाही. ज्या शाळांनी सवलतीत जमीन किंवा इतर फायदे घेऊन त्या बदल्यात मोफत शिकवायचं कबूल केलंय त्यांना तर त्या जागांपुरती प्रतिपूर्ती मिळतच नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण हे भांडण सरकार आणि शाळेचं आहे. सरकारने थकवलं म्हणून शाळेने तुमच्याकडून वसूल करायचं नसतं. तुम्ही त्या व्यवहारात नाहीच. शाळेने मंत्रालयात जावं, कोर्टात जावं, मोर्चा काढावा, मी स्वतः त्यांच्या मोर्चाला जाईन. मुलाच्या अंगावर ते आणायचं नाही.

तर करायचं काय. पहिलं, तोंडी काही बोलू नका, मागणी लेखी मागा. "मॅडम, हे जरा लेखी द्या, मी घरी विचारून सांगते," एवढंच. निम्म्या वेळा विषय इथेच संपतो. लेखी दिलं तर उत्तमच, पुरावा मिळाला. नाही दिलं आणि मागणी चालूच राहिली तर मागणीचे मेसेज, पावत्या जपून ठेवा आणि असा साधा अर्ज द्या:

"प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती (शहरात असाल तर महापालिकेचा शिक्षण विभाग). विषय: आरटीई २५ टक्के अंतर्गत प्रवेशित बालकाकडून शुल्काची मागणी होत असल्याबाबत. महोदय, माझा मुलगा अमुक शाळेत इयत्ता दुसरीत आरटीई २५ टक्के अंतर्गत शिकत आहे. शाळेने अमुक तारखेला अमुक रकमेची मागणी केली आहे. सोबत मेसेजची प्रत जोडली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ आणि १२ नुसार ही मागणी थांबवण्याचे लेखी निर्देश शाळेला द्यावेत आणि तोपर्यंत मुलाचे वर्ग व परीक्षा यात अडथळा येऊ देऊ नये, ही विनंती."

दोन प्रती घ्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. तो शिक्का नसला की अर्ज दिलाच नव्हता असं होतं. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्याने समाधान नाही झालं तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. एकट्याने जाऊ नका, त्याच शाळेतले चार-पाच आरटीई पालक मिळून जा. एकट्या मुलावर राग निघतो, पाच जणांवर काढायला शाळा बिचकते.

सरकारचा पैसा खासगी शाळांना का, असं कुणी विचारलं तर

नातेवाईक विचारतात, सोसायटीतले लोक विचारतात, कधी त्याच शाळेतले फी भरणारे पालकही टोमणा मारतात की आमच्या पैशावर तुमची मुलं शिकतात. उत्तर माहीत असलेलं बरं.

महाराष्ट्रात खासगी संस्थांना सरकारी पैसा देणं काही नवीन नाही. अनुदानित शाळा म्हणजे तेच आहे, शाळा संस्थेची आणि शिक्षकांचे पगार सरकारचे. आपल्यातले कितीतरी जण अशाच हायस्कुलात शिकलो. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, तिच्या शाळांनी गावंच्या गावं शिकवली. पुढे सरकारने हात आखडता घेतला, "कायम विनाअनुदानित", म्हणजे कधीच अनुदान नाही, असा शब्द आणला, २००९ मध्ये त्यातला "कायम" काढला आणि तेव्हापासून अनुदानाच्या २०-४०-६० टक्क्यांच्या टप्प्यांसाठी शिक्षक आझाद मैदानात बसतायत. म्हणजे सार्वजनिक पैसा कुणाच्या शिक्षणावर आणि कुणामार्फत खर्च व्हावा हा वाद इथे दीडशे वर्षांचा आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यातही मुद्दा हाच होता, महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, त्यापेक्षा किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

आता अलीकडचं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला की ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिने आरटीईच्या जागा द्यायची गरज नाही. शहरात एक किलोमीटरमध्ये एखादी महापालिकेची शाळा असतेच, म्हणजे जवळपास सगळ्याच इंग्रजी शाळा बाहेर. पालकांना पोर्टलवर इंग्रजी शाळांऐवजी ज्या शाळेत असंही फुकट जाता येतं त्याच शाळा दिसायला लागल्या. अर्ज फारच कमी आले. पालक आणि संघटना मुंबई हायकोर्टात गेल्या, ६ मे २०२४ ला स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला कोर्टाने तो बदल मूळ कायद्याच्या विरोधात आहे म्हणून रद्दच केला. सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. पण त्या वर्षी यादी लागेपर्यंत जुलै उजाडला, बाकीच्या मुलांची शाळा जूनमध्ये सुरू झालेली, आणि आमच्याकडच्या कित्येक आया रोज फोन करून विचारायच्या की कुठेतरी टाकू का वाट बघू.

सरकारचा मुद्दा साधा होता, आपली शाळा शेजारी असताना खासगीला पैसे का द्यायचे. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण हे २५ टक्क्यांचं कलम शाळा कमी पडतात म्हणून नाही आलेलं, ते एकाच वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं बसावीत म्हणून आलंय. चाळीसच्या वर्गात दहा मुलं वस्तीतली असली तर उरलेल्या तीस मुलांनाही कळतं की आपल्या शहरात कोण राहतं. टोमणा मारणाऱ्याला हेच सांगा, आणि हेही सांगा की कर वस्तीतला माणूसही भरतो, बिस्किटच्या पुड्यापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मनापासून टोचतो आणि तो लपवणार नाही. झेडपीच्या शाळेतून मूल बाहेर पडलं की पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की एकाच बाई दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळतात, आणि मग उरलेले पालकही विचार करायला लागतात. हे चक्र खरं आहे. यातून आरटीई बंद करा असा निष्कर्ष निघत नाही, पटाच्या हिशेबावर शिक्षक काढणं बंद करा असा निघतो. दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करता येतात आणि आपण केल्या पाहिजेत.

नंबर नाही लागला तर

२०२५-२६ ला १ लाख ९ हजारांच्या आसपास जागांना ३ लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे तिघांतल्या दोघांना नाही म्हणूनच कळणार. म्हणून जानेवारीत फॉर्म भरतानाच जवळची झेडपी किंवा महापालिकेची शाळा बघून ठेवा. कर्ज काढून खासगीत घालायची घाई नको. शाळेत जा, दुसरीच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला धडा वाचून दाखव म्हणा, तिसरीतल्याला हातच्याची वजाबाकी घाला. पाच मिनिटांत कळतं. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, तेवढे आहेत का विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्याच लागतात, पण बऱ्याच ठिकाणी आयांना सहीपुरतं बोलावतात. बैठकीची तारीख विचारा, जाऊन बसा, हजेरी आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा विषय घ्या, ठराव लिहून घ्या. खासगी शाळेत फी भरूनही हा अधिकार मिळत नाही.

आठवीनंतर

मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीला शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि बऱ्याच पालकांना हे आठवीच्या निकालाच्या दिवशी कळतं. बारावीपर्यंत मुदत वाढवा अशी मागणी आहे, ती रास्त आहे, पण तोवर आपली तयारी हवी. सातवीतच शाळेत विचारा की नववीची फी किती आणि सवलत देतात का. मिळणार नसेल तर आठवीच्या दिवाळीत जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जाऊन सेमी इंग्रजीचा वर्ग आहे का, नववीला बाहेरचे घेतात का ते बघा आणि मुख्याध्यापकांना भेटून ठेवा. मूल इंग्रजी माध्यमातलं असेल तर मराठीची तयारी सातवीपासून घरी करून घ्या. आणि फी थकल्याचं कारण सांगून शाळा दाखला अडवत असेल तर वर दिलेला अर्जच थोडा बदलून द्यायचा, विषयात "शाळा सोडल्याचा दाखला न दिल्याबाबत" लिहायचं आणि आवक शिक्का घ्यायचाच.